ते रापाचं ट्रेनिंग

खोटं बोलायची आयडिया माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात काही बिनसलं की नवऱ्याकडे, देवदत्तकडे, बोट दाखवायची मला सवय आहे. या वेळी तो बिचारा नुसती मान डोलावत होता.

दोन हजार सातचा जानेवारी होता. ऑकलंडच्या एका टोकाला, फ्लॅट बुशमधलं आमचं घर नवंकोरं, इतकं नवं की समोरच्या अर्ध्या प्लॉट्सवर अजून नुसते लाकडी सांगाडे उभे होते. माझं ऑफिस दुसऱ्या टोकाला, न्यू लिनला. म्हणजे सकाळी तासभर मोटरवे, संध्याकाळी तासभर मोटरवे, आणि मधले दहा तास एका मेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या नावाने शंख. नोव्हेंबरपासून मला झोप नव्हती. डॉक्टरीणबाईंनी माझं बीपी मोजलं, पट्टा काढून परत मोजलं आणि म्हणाल्या, "तुला औषध नंतर, आधी सुट्टी. खरी सुट्टी. जिथे तुला कोणी हाक मारणार नाही अशी."

कोणी हाक मारणार नाही अशी! माझ्या घरात पाच मिनिटं हाक न ऐकता गेली तर मी घड्याळ बंद पडलं का बघायचे. त्यातल्या निम्म्या हाका आठ वर्षांच्या इराच्या, पोहायचे कपडे शोधतानाच्या तिच्या "मम्, वेअर आर माय टॉग्ज?"च्या. उरलेल्या निम्म्या सासूबाईंच्या.

सासूबाई, म्हणजे वसुधाबाई, आम्ही त्यांना आईच म्हणतो, ऑगस्टपासून आमच्याकडे होत्या. आदल्या वर्षी सासरे, अण्णा, गेले आणि देवदत्त त्यांना पुण्याहून घेऊनच आला. फेब्रुवारीअखेर त्या परत जायच्या होत्या. आता त्या खाष्ट असत्या तर किती सोपं झालं असतं! पण नाही. माझी गाडी कोपऱ्यावर वळली की इकडे गॅसवर चहा. बूट काढायच्या आत, "चहा घेणार ना गं मृणाल?" कपडे बदलून आले की, "पोळी आत्ता वाढू की इराबरोबर?" केस धुतले की, "तेल लावून देऊ?" मायेने करायच्या सगळं, आणि त्या मायेला दरवेळी मान डोलवून, हसून, कपबशी धुऊन उत्तर द्यावं लागायचं. जानेवारी येईतो मला 'चहा' हा शब्द ऐकला की किंचाळावंसं वाटायला लागलं होतं. लाज वाटते सांगायला, पण वाटायचं खरं.

मग एका दुपारी न्यू लिनच्या मॉलमध्ये ट्रॅव्हल एजंटच्या काचेवर ते पोस्टर दिसलं. पांढरीशुभ्र बोट, निळं पाणी, खुर्चीत पसरलेली एक बाई आणि तिच्या तोंडावर टोपी. आठ रात्री, ऑकलंडहून निघायचं, एकदोन बेटं, नुमेआ हे फ्रेंच बंदर आणि परत. स्वयंपाक नाही, भांडी नाही, गाडी चालवणं नाही, फोनही लागत नाही. मी आत गेले.

काउंटरवरची मुलगी गोड होती. "घरात किती जण? मुलं? आजी-आजोबा? चार जणांची केबिन शिल्लक आहे, फॅमिलीज्ना फार आवडते."

इथे मला थांबायला हवं होतं. कारण अण्णांची गोष्ट मला माहीत होती.

अण्णा मुंबईत एका शिपिंग कंपनीत पस्तीस वर्षं कारकून होते. टेबलावर जगभरच्या बोटींचे कागद, कोण कुठून चढणार, कोण कुठे उतरणार, सगळं यांच्या अक्षरात. स्वतः कधी बोटीवर पाय ठेवला नाही. आईंना म्हणायचे, "रिटायर झालो की तुला एकदा बोटीने नेतो. खिडकीची खोली घेऊ." रिटायर झाले तेव्हा देवदत्तचं शिक्षण, मग गुडघे, मग हृदय. हे सगळं आईंनी मला ऑक्टोबरात कधीतरी मटार सोलता सोलता सांगितलं होतं, हसत हसत. "खिडकीची खोली म्हणे! यांना खिडकीतून तोंड बाहेर काढलं तर शिंका यायच्या." आणि मग एक मटार तोंडात टाकला.

तर, चार जणांची केबिन. "नो," मी म्हटलं, "जस्ट द टू ऑफ अस."

त्याच रात्री जेवताना मी देवदत्तच्या आधी तोंड उघडलं. तो दुधाच्या कारखान्यांची मशिनरी बसवणाऱ्या कंपनीत आहे, हॅमिल्टनच्या ते रापा भागातल्या कारखान्यात अधूनमधून जावं लागतंच. म्हटलं, "आई, फेब्रुवारीत देवदत्तला ते रापाला काम आहे आठ दिवस. आणि माझंही ट्रेनिंग नेमकं तिकडेच आलंय, हॅमिल्टनला. इराची शाळा सुरू झालेली असेल. तुम्ही सांभाळाल ना?"

"अगं, त्यात काय विचारायचं? काम आधी."

बघा, हेच. कामाला जातो म्हटलं की आमच्या घरात देवसुद्धा बाजूला सरकतात. आरामाला जातो म्हणायची माझी छाती झाली नाही. सत्तरीच्या बाईला मूल सांभाळायला लावून आपण पाण्यावर लोळायला जायचं, तेही त्याच बाईला जन्मभर जे मिळालं नाही त्याच्यावर! म्हणून ट्रेनिंग. देवदत्त वरणात बघत होता.

निघायच्या दिवशी सकाळी आईंनी आमच्या हातावर दही दिलं. माझ्या बॅगेत दशम्यांचा डबा त्यांनीच ठेवला. "तळाशी ठेवलाय गं, उगाच उपसू नकोस आत्ता." मी नमस्कार केला तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "सांभाळून जा. आणि जरा झोप हो तिकडे." चोराच्या मनात चांदणं. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी मागे पाहिलं नाही.

बोट दुपारी सुटली. बँड वाजत होता, कोणीतरी माझ्या हातात छत्री खोचलेला ग्लास दिला. डेव्हनपोर्टचा किनारा जवळून गेला, धक्क्यावर माणसं उभी होती, हात हलवत होती. माझ्या अंगात काय संचारलं होतं देव जाणे, मी कठड्याला टेकून दोन्ही हात वर करून हलवले, शिट्टीसुद्धा मारली. देवदत्त म्हणाला, "अगं, ओळखीचं कोणी आहे का?" "कोणी नाही रे!" मी म्हटलं. "तीच तर मजा आहे!"

संध्याकाळी जेवायला जायचे कपडे काढायला बॅग उपसली. तळाशी दशम्यांचा डबा आणि डब्याशेजारी काहीतरी गोल, जड, पुरुषाच्या रुमालात बांधलेलं. गाठ सोडली. नारळ. शेंडी ठेवलेला, सोललेला, वर हळदकुंकवाचं बोट. रुमालाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने 'मो. वि.' भरलेलं. मोरेश्वर विठ्ठल. अण्णांचा रुमाल.

ते रापाला मोटरने जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत कोणी नारळ ठेवत नाही. नारळ समुद्राला देतात.

मी पलंगावर बसले आणि देवदत्तला म्हटलं, "आईंना माहितीये." त्याने नारळाकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

आता तुम्ही म्हणाल, मग टाकायचा ना नारळ समुद्रात, चहूकडे दुसरं होतं काय? अहो, दर मजल्यावर पाट्या: बोटीवरून काहीही फेकू नये. देवदत्त म्हणाला, "फाइन मारतील." मी म्हटलं, पहाटे टाकू. पहाटे डेकवर जॉगिंग करणारे म्हातारे. दुपारी पोहणारी पोरं. हातात कुंकू लावलेला नारळ घेऊन दोनदा वर गेले आणि दोनदा टॉवेलखाली लपवून परत आणला. लाज वाटली हो मला, गोऱ्या माणसांची. स्वतःच्या सासऱ्याच्या नावाचा नारळ, आणि मी इकडेतिकडे बघत होते, चोरी केल्यासारखी. पाच दिवस मला ना अन्न गोड लागलं ना झोप. शेजारच्या खुर्चीतली बाई तोंडावर टोपी घेऊन घोरत होती, अगदी पोस्टरमधल्यासारखी. तिचा मला भयंकर राग आला.

सहाव्या दिवशी नुमेआला उतरलो. धक्क्याजवळ टेलिफोन बूथ होता. मी ठरवलं, सांगून टाकायचं. घंटा वाजली, आईंनीच उचलला.

"आई, मी मृणाल. मला तुम्हाला एक..."

"अगं बाई, मृणाल! कशी आहेस? ते रापाला ऊन आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

"इथेही छान आहे. इराने आज डब्यातली भाजी संपवली. आणि हे बघ, नुसतं काम काम करू नका दोघं. ट्रेनिंगमधून वेळ काढून आडवी हो जरा. तुझे डोळे किती आत गेले होते! आम्ही मजेत आहोत. ठेव आता, लांबचा फोन."

आणि ठेवलासुद्धा. हॅमिल्टन आमच्या घरापासून सव्वा तासावर आहे.

मी बूथमधून बाहेर आले आणि सरळ मनाशी अर्थ लावला: त्यांना चालतंय. त्यांनी परवानगी दिलीये. माणूस स्वतःच्या सोयीचा अर्थ किती चटकन लावतो! ओझं उतरल्यासारखं झालं, आणि पुढचे दोन दिवस मी झोपले. म्हणजे खरोखर झोपले. उन्हात झोपले, सावलीत झोपले, मालिश करणाऱ्या मुलीच्या टेबलावर झोपले. उठून पाणी बघितलं. पाणी नुसतं हलत होतं, माझ्याकडे काही मागत नव्हतं. खांदे कानांपासून खाली आले. देवदत्त म्हणाला, तू गुणगुणतेयस. त्या दोन दिवसांत मला ना ऑफिस आठवलं, ना इरा, ना तो नारळ. नारळ तर साफ विसरले.

आठवला तो शेवटच्या सकाळी, बॅग भरताना. बोट ऑकलंडच्या धक्क्याला लागलेली, दारात सामान नेणारी माणसं. आता कुठे टाकणार? रुमालात गुंडाळला आणि हातात घेऊन उतरले. या देशात बाहेरून सफरचंदाची फोडसुद्धा आणू देत नाहीत, हे मला सात वर्षांत पाठ झालंय. तरी वाटलं, नुसता नारळ तर आहे. तपासणीला उभ्या असलेल्या माणसाने रुमाल सोडला. "किया ओरा," असा इथला नमस्कार घालून, "फार सुंदर आहे, पण याला आत नाही येता येणार," असं अगदी सौजन्याने म्हणून त्याने तो एका मोठ्या डब्यात टाकला. आत कोणाची तरी अर्धी केळी होती, कोणाचं सँडविच. धप्प असा आवाज झाला. रुमाल त्याने नीट झटकून माझ्या हातात परत दिला.

घरी आले. आईंनी दारात विचारलं, "झालं का काम नीट?" मी म्हटलं, "झालं." रुमाल धुतला, इस्त्री करून त्यांच्या कपाटात ठेवला. त्यांनी तो पाहिला असणार. त्या दिवशी संध्याकाळी देवासमोर त्यांनी जरा जास्त वेळ हात जोडले. मी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी होते, आणि मला कळत होतं की नारळ समुद्राला पोचला असंच त्या समजल्यात.

त्यांचं विमान पुढच्या गुरुवारी होतं. दहा दिवस उरले होते. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज चहा यायचा आणि मी तो निमूटपणे प्यायचे. त्या गुरुवारी ही बाई तो खोटा नारळ मनात घेऊन विमानात बसणार, आणि गुडघे असे, की परत यायच्या नाहीत, हे मला दिसत होतं. शनिवारी उठले, दुकानात जाऊन नारळ आणला, पर्समध्ये कोंबला. देवदत्तला म्हटलं, "इराला पोहायला ने. मी आईंना फेरीबोटीने डेव्हनपोर्टला नेते." बारा मिनिटांची फेरी! जन्मभराच्या बोटीच्या बदल्यात बारा मिनिटं. पण माझ्याकडे दुसरं होतं काय? ठरवलं होतं, पाण्यात गेल्यावर सांगायचं आणि नारळ त्यांच्या हातात द्यायचा.

फेरीवर चढलो. मी पुढच्या बाकांकडे निघाले तर आई म्हणाल्या, "तिकडे नको, वारा फार लागतो. मागे बसू, डाव्या बाजूला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आले होते ना त्या दिवशी." त्या पदर खोचत बसल्या. "विनिता घेऊन आली होती, अलीकडच्या धक्क्यापर्यंत गाडीने आणि पुढे फेरीने, तुझ्या ऑफिसातली नाही का, बोरिवलीची. मी, ती आणि इरा. पलीकडच्या धक्क्यावर उभ्या होतो. केवढी मोठी गं बोट! इरा म्हणाली, आजी, ती बघ मम्. मला काही इतकं लांबचं दिसत नाही. पण कोणीतरी दोन्ही हात हलवत होतं, तेवढं दिसलं."

मला वाटलं आत्ता पाण्यात उडी मारावी. "तुम्हाला कधी कळलं?"

"तिकिटांच्या पाकिटावर एवढी मोठी बोट छापलेली होती. टपाल रोज मीच आत आणते, मी काय आंधळी आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील असं वाटलं."

मग मी सांगितलं. सगळं. चार जणांची केबिन. चहा. पाट्या, जॉगिंग करणारे म्हातारे, टॉवेल. तो डबा, त्यातली केळी. रडत सांगितलं, नाक पुसत सांगितलं. पर्समधून नारळ काढून बाकावर ठेवला.

आईंचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. "कचऱ्यात?" त्या म्हणाल्या. "यांचा नारळ कचऱ्यात?"

"चुकले मी, आई."

"चुकलीस तर चुकलीसच. मी काय म्हटलं होतं मनात ठाऊक आहे? ते गेले, माझं व्हायचं नाही, पण पोरांच्या हातून तरी यांच्या नावाचा समुद्राला पोचेल. एवढंच." त्यांचा आवाज चिरकला. समोरची बाई वळून बघायला लागली. "आणि माझी कसली गं भीती तुला? दमलेय, जाते, एवढे दोन शब्द बोलता येत नव्हते? मी काय नको म्हणाले असते? आरामासाठी खोटं बोलावं लागतं अशी मी सासू आहे का?"

"नाही हो. तुम्ही नाही. मीच."

त्या उठल्या. एक हात कठड्याला, एक हातात नारळ. मी म्हटलं, "आई, इथे टाकायला..." "टाकत नाहीये, देतेय," त्या म्हणाल्या आणि वाकून, डोळे मिटून, काहीतरी पुटपुटून त्यांनी नारळ सोडला. दोरखंडापाशी उभा असलेला फेरीवरचा खलाशी बघत होता. त्याने पाण्याकडे पाहिलं, आईंच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'काही हरकत नाही', आणि दुसरीकडे तोंड केलं. पाच दिवस मी ज्याला घाबरले ते एवढंच होतं.

आई परत येऊन बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "झोप तरी लागली का तुला तिकडे?"

आता पुन्हा खोटं बोलणं शक्य नव्हतं. "लागली. दोन दिवस. तेव्हाच नारळ विसरले."

"दोनच?" आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग होताच अजून, पण त्यात दुसरंही काही होतं, आणि ते मला रागापेक्षा सोसेना. "आठातले दोनच? म्हणजे बाकीचे सहा फुकट घालवलेस की गं. मी इथे म्हणतेय, पोरगी झोपली असेल."

फेरी डेव्हनपोर्टला लागली, माणसं उतरायला लागली. मी सवयीने म्हटलं, "चला आई, वर एक कॅफे आहे. चहा घेणार ना?"

"नको. तू उतर हवं तर. मी अशीच परत जाणार आणि अशीच परत येणार." त्यांनी चप्पल काढून पाय समोरच्या बाकावर ठेवले. "दमलेय मी, मृणाल. सात महिने झाले. जरा वेळ मला कोणी हाक मारू नका."

एवढं साधं होतं ते बोलणं. मी उठून तीन बाकं सोडून बसले. त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला, आणि फेरी परत निघाली तेव्हा त्या झोपल्या होत्या.